आत्या, चंद्रीला विकायचं नाही

आत्या,

परवा फोनवर तू थंडीचं विचारलंस, आबांच्या खोकल्याचं विचारलंस, माझ्या शाळेचं विचारलंस. कोकणात वहिनीच्या फोनला रेंज असते का, तेही विचारलंस. चंद्रीचं मात्र नाव काढलं नाहीस. मीच विषय काढला, तर म्हणालीस, "ठेव आता, बापू कंपनीतनं आलाय, त्याचं ताट वाढायचंय." ज्या घोडीच्या पाठीवर तू उमेदीची सगळी वर्षं बिऱ्हाड लादलंस, तिच्याबद्दल एक शब्दही विचारावासा वाटत नाही तुला? की विचारलं तर काहीतरी ठरवावं लागेल, म्हणून टाळतेस?

फोनवर तू निसटतेस, म्हणून लिहिते आहे. बापूच्या पोरीकडून वाचून घे. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा, सावकाश.

दादाचं म्हणणं तुला कळलं असणारच. दिवाळी झाली, मेंढरं लोणंद-भोरवरून वरंध्याचा घाट उतरून महाडकडे गेली. नवी घोडी बिऱ्हाड घेऊन सोबत गेली. चंद्री आणि तिची शिंगरी माझ्यापाशी राहिल्या. आता शिंगरी पाच महिन्यांची झाली, चरते, भरडा खाते, म्हणजे आईचं काम संपलं. म्हातारीला आता घाट चढवत नाही, तिला नुसतं बांधून घालायचं कुणी? शिंगरी ठेवू, चंद्री देऊन टाकू. दादाचा हिशेब असा सरळ आहे. तो वाईट माणूस नाही, तुलाही माहीत आहे. कडब्याच्या पेंढीचा भाव काय झालाय ते तो रोज बघतो. पण त्यानं तिकडूनच एका व्यापाऱ्याला निरोप धाडला आणि तो माणूस सकाळी मी शाळेला निघायच्या वेळी दारात उभा.

आधी तो शिंगरीपाशी गेला. तिच्या कपाळावरून, मानेवरून, छातीवरून बोटं फिरवत भोवरे शोधत राहिला. गळ्याखाली एक ठिकाणी त्याचं बोट थांबलं. तोंडानं काही बोलला नाही, पण त्याला हवा तो भोवरा तिथं होता हे मला कळलं, कारण तूच मला लहानपणी तो दाखवला होतास चंद्रीच्या गळ्यावर. मग त्यानं चंद्रीकडे लांबूनच पाहिलं. जवळ गेला नाही, खूर उचलून बघितला नाही. "दोघींचं मिळून बोला," म्हणाला, "म्हातारीला लग्नसराईत वरातीला चालवू." आत्या, तू त्या वराती पाहिल्या आहेस. डांबरी रस्ता, कानाशी डीजे, पाठीवर झुली आणि वर नवरदेव, रात्री बारापर्यंत. आणि लग्नसराई संपल्यावर तिला कुणाच्या दावणीला बांधतील? पुढचा मालक कोण, त्याच्या पुढचा कोण? आपण दिलेलं म्हातारं जनावर शेवटी कुठं जातं, हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच बाजार असतो असं मला आता वाटायला लागलंय.

तिचं वय तू कायम "बारा-चौदा" सांगत आलीस. मी चौथीत होते तेव्हाही बारा-चौदा आणि मी नोकरीला लागले तेव्हाही बारा-चौदा. परवा डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं आणि मला जवळ बोलावलं. वरच्या, पुढच्या दातांतला अगदी कडेचा दात दाखवला. त्याच्यावर एक उभी खाच असते, काळपट. दहाव्या वर्षाच्या सुमाराला ती हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराव्या वर्षापर्यंत अर्ध्या दातापर्यंत उतरते आणि विसाव्याला दाताच्या टोकाशी पोचते. चंद्रीची खाच टोकाशी पोचली आहे. मागच्या दाढा गुळगुळीत झाल्यात. म्हणूनच गव्हाणीत चघळून टाकलेले कडब्याचे ओले गोळे सापडत होते. तिला भूक आहे गं, आणि तोंडातला घास तिला दळता येत नाही.

आणि अशा तोंडानं ती पाच महिने शिंगरीला पाजते आहे. पाजणाऱ्या घोडीला रिकाम्या घोडीच्या जवळजवळ दुप्पट अन्न लागतं, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या बरगड्या हाताला लागतात. पाठीचा कणा वर आलाय. शिंगरीच्या अंगावर मात्र तेल चोपडल्यासारखी तकाकी आहे. आईच्या अंगावरचं उतरून लेकीच्या अंगावर चढलंय, असं शेजारची काकू म्हणाली, आणि तेच खरं आहे.

आत्या, रागावू नकोस, पण चंद्रीला या वयात घोडा दाखवायचा हट्ट तुझा होता. आबा नको म्हणत होते. "चंद्रीचं एक तरी शिंगरू आपल्या दावणीला राहू दे," एवढंच तू धरून बसलीस. भादव्यात ती फळली, आणि दिवाळीनंतर तू पाय घसरून पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बापू तुला पुण्याला घेऊन गेला. घोडी गाभण, आणि जिला तिची नस न् नस माहीत ती तिसऱ्या मजल्यावर. मला किती राग आला होता तुझा, तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या दुखण्याचा कसला राग? घोडी माझ्यावर सोपवताना "बघ हं तिच्याकडं" एवढंसुद्धा तू म्हणाली नाहीस, त्याचा.

पण श्रावणात ती विली त्या रात्री तूच माझ्याजवळ होतीस. तू सांगून ठेवलेलं एकेक मला आठवत गेलं. कास भरून येते, शेपटीच्या बुडाशी मांस सैल पडतं, मग सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब धरतात. ते धरले की रात्री झोपायचं नाही. आणि घोडी माणसाची पाठ फिरायची वाट बघते, म्हणून तिच्या पुढ्यात बसायचं नाही. मी गोठ्याच्या आडोशाला पोतं टाकून बसले. पाऊस भुरभुरत होता. पहाटेच्या आधी ती आडवी झाली. आधी एक पाय दिसला, त्याच्या मागे थोडा दुसरा, खुरांचे तळ खाली, आणि दोन्ही पायांवर टेकलेलं नाक. बरोबर तसंच, जसं तू मला हाताची दोन मनगटं पुढं-मागं धरून, त्यावर हनुवटी टेकवून दाखवलं होतंस. मी नाळेला हात लावला नाही. ती आपसूक तुटू दिली, मग बेंबीला आयोडीन लावलं. घोड्यांना धनुर्वात फार पटकन धरतो, म्हणून तेवढं मात्र डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

शिंगरीचे खूर पाहिलेस का तू कधी जन्मल्याजन्मल्या? म्हणजे तू पाहिलेच असणार, मी पहिल्यांदा पाहिले. खुरांच्या तळाला मऊ, पांढरट, बोटाबोटांसारखी झालर. आईच्या पोटात लाथ मारली तरी आतून फाटू नये म्हणून ती असते. उभं राहून चार पावलं टाकली की झिजून गळून जाते. शिंगरी तासाभरात धडपडत उभी राहिली, पुढच्या पायांपाशी दूध शोधत बसली, भिंतीला तोंड लावलं, माझ्या कोपराला लावलं. चंद्रीनं तिला ढोसून ढोसून मागं वळवलं. चीक पोटात गेला तेव्हा कुठं माझा जीव खाली पडला. शिंगराला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही. ती सगळी चिकातून, आणि तीही पहिल्या काही तासांतच. दिवस उलटला की आतड्यातून ती आत शिरत नाही. वार पडली ती मी ओल्या मातीवर पसरून पाहिली, तुकडा आत राहिला नाही ना म्हणून. हे मला कुणी शिकवलं? डीएडच्या कुठल्या पुस्तकात होतं?

आणि डीएडची गोष्ट निघालीच आहे तर बोलते.

माझ्या डीएडची फी चंद्रीच्या शिंगरानं भरली. तू कधी बोलली नाहीस, आबांनीही नाही. मला वहिनीकडून कळलं, तेही कितीतरी वर्षांनी. ते तांबडं शिंगरू, कपाळावर आईसारखाच चंद्र असलेलं, सहा महिन्यांचं झाल्यावर तू अकलूजच्या घोडेबाजारात दिलंस. त्याआधीची शिंगरंही अशीच कशाकशात गेली. बापूचं आयटीआय, विहिरीचा पंप, आबांचं ऑपरेशन. शिंगरू नेलं की चंद्री पाठोपाठ धावायची, दावं ताणून गळ्याला वळ पडायचे. दोन-तीन दिवस खिंकाळत राहायची, कास दगडासारखी व्हायची. तू तिची चंदी बंद करायचीस आणि कास पिळायची नाहीस, पिळली की आणखी दूध येतं म्हणून. रात्री गोठ्यात जाऊन तिच्याजवळ बसायचीस. आम्हाला वाटायचं, आत्या घोडी राखायला बसलीय. मी परवा विचार करत होते, तू तिच्याशी काय बोलत असशील?

म्हणून "एक तरी शिंगरू राहू दे" हा तुझा हट्ट मला आता कळतो. कळतो म्हणूनच सांगते, तो हट्ट पुरा झाला. आता तिच्याकडून आणखी काही मागायचं नाही.

दादाला मागायचं होतं. विल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी घोडी पुन्हा माजावर येते. याच दिवसांत शिंगराला जुलाब लागतात आणि लोक म्हणतात आईच्या अंगातली उष्णता दुधात उतरली. (डॉक्टर म्हणतात, तसं काही नाही, शिंगरू आईची लीद चाटतं, खातं, त्यातून त्याच्या पोटात चारा पचवणारे जंतू घर करतात, त्या बदलात हे होतं.) नेमकी तेव्हा दादानं चंद्रीला घोडा दाखवायला तरडगावला न्यायची तयारी केली. "लगेच फळते, वर्ष वाया जात नाही," म्हणाला. मी दारात उभी राहिले. मास्तरीणबाई झालीस म्हणून शहाणपण शिकवू नकोस, असंही ऐकून घेतलं. अकरा महिने पोटात, वर पाच-सहा महिने अंगावर, आणि हे विसाव्या वर्षी. म्हाताऱ्या घोडीची विताना गर्भाशयाची मोठी रक्तवाहिनी आतल्या आत फुटू शकते. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही आणि घोडी जाते. तेव्हा मी तुला फोन केला होता, आठवतं? तू म्हणालीस, "तुमचं तुम्ही बघा." आत्या, तो फोन ठेवल्यावर मी खूप वेळ अंगणातच बसून राहिले.

तू अशी नव्हतीस.

मला चांदोबाच्या लिंबाचा दिवस आठवतो. माऊलींची पालखी तरडगावला येणार होती, वारीतलं पहिलं उभं रिंगण. दोन्ही बाजूंनी वारकऱ्यांच्या ओळी, मध्ये मोकळी वाट, आणि तू मला खांद्यावर घेतलं होतंस. अश्व दौडत गेले. एकावर स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही. तो माऊलींचा, म्हणून त्याची पाठ मोकळी. अश्व गेल्याबरोबर सगळी माणसं वाकली, टापांखालची माती कपाळाला लावायला. तू वाकलीस, मूठभर माती घेतलीस आणि पदराला गाठ मारलीस. मला वाटलं, आबांसाठी. घरी येऊन तू ती चंद्रीच्या कपाळाला लावलीस. तेव्हा ती किती तरुण होती! मान अशी वळवून तुझ्या पदराचा वास घेत राहिली.

त्या बाईनं "तुमचं तुम्ही बघा" म्हणावं?

आता शिंगरीचं ऐक. ती आईवर गेलीय, पण जास्त धीट. मी रोज सकाळी शाळेआधी तिला मोरकी घालते, चारही पाय एकेक करून उचलते, खूर साफ करते. पहिल्यांदा तिनं झटके दिले. आता पाय धरला की तीच वजन दुसरीकडे टाकते. तुझ्या पद्धतीनं खरारा आधी आईला, मग तिला. म्हणजे ती स्वतःच रांगेत येऊन उभी राहते. गळ्याखाली, जिथं तो भोवरा आहे, तिथं खाजवलं की तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरतो. गूळ हातावर देत नाही, तू बजावलं होतंस. वाडीतली पोरं हातानं खाऊ घालायला धावतात, त्यांना मी तोबऱ्यात टाका म्हणते. माणसाच्या हातावर वाढलेलं शिंगरू पुढं माणसालाच दात दाखवतं, कारण त्याला आपणही त्याच्यासारखेच वाटायला लागतो.

पण आत्या, तिला खरं वळण मी लावत नाही. ते चंद्री लावते. शिंगरी खेळता खेळता लाथ झाडायला लागली की चंद्री कान मागं पाडते. तेवढ्यानं भागलं नाही तर मानेपाशी चिमटा काढल्यासारखा चावा. शेजारच्यांचा घोडा कुंपणाशी आला की शिंगरी मान लांब करून, ओठ मागं ओढून, तोंडाची नुसती उघडमीट करते. मी लहान आहे, मला मारू नका, असं तिचं सांगणं. हे तिला मी कसं शिकवणार होते? रस्त्यानं ट्रक गेला की ती आधी आईकडे बघते. आई चरत राहिली तर हीही चरते. चंद्रीनं आयुष्यभर वरंध्यात एसट्या आणि ट्रक अंगावर घेतले, पाठीवर पाल, वाघरी, भांडी, कोंबड्यांचं डालगं, काल जन्मलेली कोकरं आणि वरती मी. तिची ती शांतता आता शिंगरीत उतरते आहे. व्यापाऱ्याला ही दिसली नाही. दादाला दिसली होती, पण तो म्हणतो, शिकली की तेवढं, आता बास.

बास नाही. घोड्याला उंची लवकर येते. वर्षभरात शिंगरी पुरी मोठी दिसायला लागेल आणि दोन वर्षांची झाली की दादा बिऱ्हाड लादू म्हणेल. पण हाडं उंचीच्या मागून पिकतात, आणि पाठीच्या कण्याची सगळ्यात शेवटी, पाच-साडेपाच वर्षांपर्यंत. चौथ्या वर्षाआधी तिच्यावर ओझं घालायचं नाही, हे मी दादाला आत्ताच सांगून ठेवलंय. आणि तोवर ती आईच्या मागं रिकामी चालून वाट शिकेल. निदान गावाच्या आसपासची, ओढ्याची, बाजाराची.

तुला एक बातमी सांगायची राहिली. आपल्या तट्टांची आता सरकारी नोंद झालीय. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून मान्य केली. मारवाडी, काठियावाडी, झांस्करी, स्पिती, भुतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी आणि आता आठवी आपली. राज्यगीतात नाव होतंच. पण म्हणणाऱ्यांना वाटायचं, ते सगळं इतिहासात संपलं. संपलं नव्हतं. तुझ्यासारख्या बाया ती तट्टं दर साली घाटावरून कोकणात आणि कोकणातून घाटावर नेत होत्या. पुरुष मेंढरांमागं, आणि घोडी, बिऱ्हाड, पोरंबाळं बायांकडं. जात टिकली ती तुमच्या दाव्यावर. मला हे वर्गात मुलांना सांगताना तुझं नाव घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं.

पण नोंद झाली म्हणून जनावरं वाढत नाहीत. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टं मिळून सव्वासहा लाख होती, २०१९ मध्ये ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास राहिली. सात वर्षांत निम्म्याच्या जवळ आली. बिऱ्हाडं टेम्पोत चढली, वाटांवर कुंपणं आली, पोरं शाळेत गेली, माझ्यासारखी. त्यामुळं शिंगरी ठेवायची हे दादाचं बरोबरच आहे, मला त्यात वाद नाही. माझं म्हणणं इतकंच, की शिंगरी ठेवायची ती चंद्रीसकट.

मी काय ठरवलंय ते सांगते, चुकत असेन तर बोल. दूध आता तोडायचं. चंद्रीला आणखी पाजवणार नाही. पण पूर्वीसारखं एका सकाळी ओढून न्यायचं नाही. गोठ्याच्या मधोमध बांबूचं कुंपण घातलंय. नाकाला नाक लागेल, कासेला तोंड लागणार नाही, एवढं. अलीकडे आई, पलीकडे लेक. पहिल्या रात्री दोघी ओरडल्या, शिंगरीनं बांबूला टकरा दिल्या. पण एकमेकींचा वास होता, म्हणून चारा सुटला नाही. चंद्रीचा भरडा थोडे दिवस कमी केलाय, दूध आटेपर्यंत. एकदा कास मऊ पडली की तिला भरपूर खायला घालायचं. कडब्याची बारीक कुट्टी भिजवून, लसूणघास बोटाबोटाएवढा कापून, भरडा ओला करून. दाढा डॉक्टर घासून देणार आहेत. वरून गुळगुळीत झाल्या तरी त्यांच्या धारदार कडा गालाला टोचतात. पुन्हा घोडा दाखवायचा नाही. कधीच नाही. दूध पुरतं आटलं की कुंपण काढायचं आणि दोघींना एकत्र चरायला सोडायचं.

खर्चाचं तू विचारशील. माझ्या पगारातून. वहिनीला सांगितलंय, दादाला सांगायचंय. ज्या पगाराला ते तांबडं शिंगरू कारणी लागलं, त्यातून त्याच्या आईला लसूणघास आणते, इतकं साधं आहे ते.

आता शेवटचं, आणि तेच मला फोनवर बोलता आलं नव्हतं. दिवाळीत मी पुण्याला आले होते तेव्हा तू गॅलरीत बसून म्हणालीस, "म्हातारं जनावर ठाणावर बांधून कुणाचं काय भलं होतं? खाणार आणि बघत बसणार." बापूची बायको आत चहा करत होती. मी तेव्हा काही बोलले नाही. पण मला सांग, तू हे चंद्रीबद्दल म्हणालीस का? कारण तुझा आवाज चंद्रीबद्दल बोलतानाचा नव्हता. तुला तिथं कुणी काही बोलतं का? की कुणीच काही बोलत नाही, म्हणून वाटतं तसं? बापू तुला जपतो, मला ठाऊक आहे. पण तिथं तुला कुणी विचारत नसेल, आत्या हे कसं करायचं, आत्या ते कसं करायचं. मी विचारते आहे. मला शिंगरीचा मागचा डावा खूर जरासा बाहेर वळल्यासारखा वाटतो; नालबंद म्हणतो आत्ताच थोडा तासून घेऊ, डॉक्टर म्हणतात थांबा. तुझा हात लागल्याशिवाय मी ठरवणार नाही.

व्यापाऱ्याला मी नाही म्हणून कळवलंय. दादा चिडलाय, आज-उद्या तुला फोन करील. त्याला हो किंवा नाही, काहीच म्हणू नकोस. आधी इथं ये. संक्रांतीला शाळेला सुट्टी आहे. बापूला म्हणावं, स्वारगेटला फलटणच्या एसटीत बसवून दे, पुढं मी स्टँडवर रिक्षा घेऊन उभी असेन. वॉकर आण. घरापासून गोठ्यापर्यंत मुरूम टाकून वाट सपाट केलीय, उंबऱ्याशी फळी टाकलीय. आणि चंद्रीचं तोंड तुझ्या हातानं उघडून बघ. बारा-चौदाच आहे म्हणालीस तरी मी ऐकून घेईन, पण तिच्यासमोर उभं राहून म्हण.

तुझी भाची